दाबा, धरा, सोडा

चिंचोटी नाक्यावर हायवे सोडून कामणच्या दिशेला वळलं की गॅरेजांची रांग सुरू होते. टायर, पाटे, रेडिएटर, बॅटरी, वेल्डिंग. भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर इतके सावकाश सरकतात की ड्रायव्हर खाली उतरून चहा घेतो आणि परत चढतो. मागे तुंगारेश्वरचे डोंगर. पावसाळ्यात याच नाक्यावरून लोक धबधब्याला जातात. मी गेले तेव्हा जानेवारी होता आणि डोंगर धुळीने राखाडी झाले होते.

त्या रांगेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एक पांढरी मोटार चार लोखंडी स्टँडवर उचलून ठेवली होती. चाकं काढलेली, नाकावर विंचवाचं चिन्ह. माझ्या बहिणीच्या मुलाची ही फियाटची अबार्थ पुंटो. २०१५ साली ही गाडी भारतात आली आणि ती बनायची पुण्याजवळ रांजणगावला. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दिसायला घरगुती हॅचबॅक, पण आतून वेगळीच. कार्लो अबार्थ वृश्चिक राशीचे, म्हणून विंचू. कंपनीने पुढे भारतातला गाशा गुंडाळला, त्यामुळे अशा गाड्या आता हौशी लोक आणि जुने मेकॅनिक मिळूनच जगवतात.

तो ही सेकंडहँड गाडी घेऊन आला तेव्हा मी त्याच्याशी चार दिवस बोलले नव्हते. मी वसईत राहते. रात्री दीड-दोनला हायवेवरून सुसाट जाणाऱ्या गाड्यांचा आवाज खिडकीपर्यंत येतो आणि तो विरेपर्यंत मला झोप लागत नाही. याच मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ला उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघंही गेले. हे सगळं मी त्याला ऐकवलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि वर्षभराने म्हणाला, "मावशी, म्हणूनच मी ट्रॅकवर जातोय. पहिल्यांदाच. एकदा गॅरेजला ये ना, मास्तर ब्रेक खोलतायत."

या शेवटच्या वाक्यामुळे मी गेले. मला वाटलं होतं, इंजिन खोलतील, ताकद वाढवतील, सायलेन्सर बदलतील. दोन आठवडे गाडी तिथे होती आणि इंजिनला तेल बदलण्यापलीकडे कोणी हात लावला नव्हता.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, आपली गाडी घेऊन जायचं आणि पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये ती बंदिस्त सर्किटवर चालवायची. नंबर नाही, बक्षीस नाही. समोरून कोणी येत नाही, मध्येच गाय नाही, डिव्हायडर ओलांडणारं माणूस नाही. याचं सर्किट होतं चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचं. ३.७ किलोमीटरचं, १२ वळणांचं. इथून सुमारे १,३०० किलोमीटर. त्याच गाडीने जायचं आणि त्याच गाडीने परत यायचं. "परत यायचं" हे मास्तर दर वेळी वेगळं म्हणत, आधी जरासं थांबून.

मास्तर साठीच्या पुढचे. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेले, त्यामुळे फियाट हा त्यांच्यासाठी घरातलाच शब्द. त्यांनी माझ्यासमोर ब्रेक ऑईलच्या टाकीचं झाकण उघडलं, एका मोठ्या सिरिंजने थोडं तेल ओढलं आणि काचेच्या ग्लासात सोडलं. चहाचाच ग्लास. शेडच्या तोंडाशी जाऊन उजेडात धरला. कोरा चहा दिसतो तसा रंग. शेजारी दुसऱ्या ग्लासात नव्या डब्यातलं ओतलं, ते पातळ मधासारखं.

"ताई, हे नवं २३०ला उकळतं. यात पाणी शिरलं की १५५."

मी विचारलं, बंद टाकीत पाणी शिरतं कुठून? "हवेतून," ते म्हणाले. हे तेल मुळातच ओल शोषणारं. रबरी होजमधून, झाकणातून, दर पावसाळ्यात थोडी थोडी ओल पीत राहतं. डॉट फोर जातीच्या तेलाची किमान मर्यादा कोरं असताना २३० अंश आणि साधारण पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर १५५, असं हे मोजमाप आहे. आपली वसई म्हणजे चार महिने कपडे वाळत नाहीत, मीठ बरणीत ओलं होतं. तेलाने तरी काय करावं? म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. या गाडीतलं कधी बदललं होतं, त्याचा आधीच्या मालकाकडे कागद नव्हता.

१५५ हा आकडा त्या दिवशी मी दहा वेळा तरी ऐकला. घरचा कुकर शिट्टीला येतो तेव्हा आत १२०च्या आसपास असतात. ट्रॅकवर जोरात ब्रेक मारत राहिलं की डिस्क काहीशे अंशांवर जाते. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी त्या चार तबकड्यांना उष्णता म्हणून गिळावी लागते. ती उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये, कॅलिपरमधून तेलात. तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल खाली जमिनीला टेकतं आणि गाडी तशीच पुढे जात राहते.

"हायवेला कोण एवढा ब्रेक मारतो? घाट उतरताना मारतात, तेव्हा वास येतो. तुम्हाला माहितीये तो वास." मला माहीत होता. घाटाच्या पायथ्याला ट्रक थांबलेले असतात तिथला, जळक्या केसांसारखा. त्या शेडमध्ये काढून ठेवलेल्या जुन्या पॅडना नाक लावलं तर तोच वास अजून येत होता.

मग मास्तर गाडीखाली गेले. भाचा सामान आणायला नाक्यावर गेला होता, हाताखालचा पोरगा दुसऱ्या गाडीत अडकला होता. खालून आवाज आला, "ताई, गाडीत बसता का जरा? पेडल मारायला माणूस पाहिजे."

मी पदर खोचला आणि बसले. ब्रेक मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी: डावं मागचं, मग उजवं मागचं, मग डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. प्रत्येक कॅलिपरला एक बारीक निप्पल असतो. त्याला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या तेलात बुडवलेलं. मी पेडल दाबायचं, मास्तर निप्पल अर्धा आटा सैल करणार, जुनं तेल बाहेर येणार, ते निप्पल आवळणार, आणि मगच मी पाय उचलायचा. मी आधी पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाणार आणि सगळं पहिल्यापासून.

"दाबा."

दाबलं. पायाखाली काहीतरी हळूच खचलं, पेडल खाली गेलं.

"धरा."

धरून ठेवलं. पान्याचा किर्र आवाज.

"सोडा."

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मध्येच टाकीत नवं तेल ओतायला ते बाहेर येत, टाकी कोरडी पडू द्यायची नाही म्हणून, आणि परत खाली जात. दाबा, धरा, सोडा. माझी पोटरी भरून आली. शेवटच्या चाकावर त्यांनी मला आरशातून दाखवलं: नळीतून आधी कोरा चहा येत होता, त्यात मोहरीएवढे बुडबुडे, मग रंग फिका होत गेला, आणि मग नुसता मध, सलग, एकही बुडबुडा नाही. त्यानंतर पेडल दाबलं तर अर्ध्यावरच थांबलं. खाली भिंत असावी तसं. मी पुन्हा दाबलं, तर तिथेच. ते पायाला जे जाणवलं ते मला अजून आठवतं. रात्री पलंगावर पाय लांब केला तरी आठवतं.

तेलाचे दोन थेंब मडगार्डवर पडले होते. मास्तरांनी लगेच पाणी ओतून धुतले. ब्रेक ऑईल रंग खातं.

बाकीची कामं भराभर झाली. नवे पॅड, कूलंट, बेल्ट, बॅटरीची पट्टी घट्ट. टायरच्या कडेवरचे चार आकडे मास्तरांनी मला वाचायला शिकवले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने, कंपनीच्या मापाला, तिरप्या क्रमाने. प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ, म्हणजे बोल्ट फिरला तर नुसत्या नजरेला कळावं. तिकडे पोचल्यावर आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा तपासायचे, हे भाच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

मग गाडी रिकामी करायची होती. मॅट, जॅक, स्टेपनी, दारातल्या पाण्याच्या बाटल्या. सर्किटवर उतरण्याआधी यातलं काहीच आत नको. सुटी वस्तू जोराच्या ब्रेकला उडते आणि पायाखाली गेली तर पेडलच अडवते. डॅशबोर्डवर गणपतीची छोटी मूर्ती होती, माझ्या बहिणीने चिकटवलेली. भाचा तिच्याकडे नुसता बघत राहिला. मास्तरांनी हात धुतले, कापडाला पुसले, मूर्ती हलकेच सोडवली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. "घरी ठेवा. तो परत आला की मी स्वतः लावतो."

घरी वेगळीच तयारी चालली होती. बहीण शिवणकाम करते. तिने चिंध्यांतून पिवळा, लाल, निळा, काळा असे ब्लाउज पीसचे तुकडे काढले आणि चौकड्यांचं एक पुसणं. तो जेवत असताना ती मध्येच एक तुकडा वर धरायची. पिवळा: पुढे धोका, कोणाला ओलांडायचं नाही. लाल: फेरी थांबली, सावकाश पिटमध्ये परत. निळा: मागून वेगवान गाडी येतेय. काळा: तुला बोलावलंय. चौकडा: संपलं. एकदा त्याने निळ्याला चुकीचं उत्तर दिलं तर तिने ताटातली पोळी परत डब्यात ठेवली. तिलाही हे जाणं मनापासून पटलं नव्हतं. पण जायचंच तर पूर्ण शिकून, असं तिचं म्हणणं होतं, आणि मला ते पटतं.

त्याने विम्याची पॉलिसी काढून बारीक अक्षरं वाचली. संघटित शर्यती आणि वेगचाचणी यांतलं नुकसान भरून मिळत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे गाडीला काही झालं तर खर्च त्याचाच. तो गप्प झाला, मग वहीत एक रक्कम लिहून तिला खूण केली. त्यापुढे गेलो तर घरी, म्हणाला. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पातळ तळाचे बूट. आदल्या रात्री झोप. सीट इतकी पुढे की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी शेवटची सूचना दिली, आणि तीच त्याला अवघड गेली. फेरी संपवून पिटमध्ये आलास की हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेली डिस्क, तिला पॅड चिकटून राहिले की तिथेच डाग बसतो, मग ब्रेक थरथरतात. शेवटचा राउंड सावकाश, ब्रेकला न शिवता, वारा लागू द्यायचा. थांबल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला लाकडी ठोकळा. ठोकळा त्यांनी स्वतः कापून दिला. पोराने आयुष्यभर गाडी थांबली की हँडब्रेक ओढलेला. त्या संध्याकाळी शेडच्या अंगणात त्याने पंधरा वेळा गाडी उभी केली आणि पंधरा वेळा मास्तरांनी त्याचा डावा हात बघितला.

मला या कामात मास्तर दिसतात, वेग नंतर दिसतो. नाक्यावरून रात्री सुसाट जाणाऱ्या पोरांना कोणी असा हात बघणारा भेटला असेल का, हा विचार मला त्या शेडमध्ये बसल्या बसल्या सारखा येत होता. त्यांच्या गाड्यांमधलं तेल किती पावसाळ्यांचं असेल?

तो आठ दिवसांनी परत आला. सरळ गॅरेजलाच आला. आम्ही दोघी तिथेच बसलो होतो. समोरच्या काचेवर तेराशे किलोमीटरचे किडे. मास्तरांनी वेळ विचारली नाही, टॉप स्पीड विचारला नाही.

"पेडल?"

"तिसऱ्या फेरीत जरा लांब वाटलं, मास्तर. दोन राउंड शिल्लक होते. सोडून आत आलो."

मास्तर काहीच बोलले नाहीत. हात धुवायला गेले. परत आले तेव्हा मूर्तीच्या खाली लावायची टेप त्यांच्या हातात होती, आणि बहिणीने पिशवीतून रुमालात गुंडाळलेला गणपती काढला.

पुढच्या रविवारी मी माझी गाडी घेऊन तिथे गेले. सात वर्षांची, रोज वसई स्टेशन आणि बाजार एवढंच फिरणारी. मास्तर खाली गेले, भाचा माझ्या सीटवर बसला.

"दाबा," खालून आवाज आला.

मी बाटली धरून चाकाशी उकिडवी बसले होते. नळीतून पहिलं तेल आलं ते पार काळं होतं.