सुटलेल्या पाण्याची नदी : कुंडलिकेचे खोरे

कोकणातील बहुतेक नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात, दिवाळीनंतर त्यांची धार बारीक होत जाते आणि होळीच्या सुमारास पात्रात उघडे गोटे, मधूनमधून साचलेले डोह आणि काठावरच्या करंजांची सावली एवढेच उरते. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका मात्र या नियमाला अपवाद आहे. ताम्हिणी घाटाच्या उत्तरेस, अंधारबन आणि हिरडी या भागातील उभ्या कड्यांखाली जन्म घेऊन भिरा, कोलाड आणि रोहा या गावांवरून जाणारी आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळणारी ही नदी वैशाखातही वाहती असते, आणि म्हणूनच सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला वर्षभर नौकाविहार घडू शकेल अशा फार थोड्या ठिकाणांत तिची गणना होते.

या बारमाही प्रवाहाचे कारण घाटमाथ्यावर आहे. पुणे जिल्ह्यात मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने बांधलेल्या मुळशी धरणाचे पाणी निसर्गक्रमाने पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात गेले असते. परंतु ते बोगद्यांतून आणि नळांतून पश्चिमेकडे वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे आणले जाते आणि त्या उताराच्या बळावर मुंबईसाठी वीज निर्माण केली जाते. भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. त्याची क्षमता १५० मेगावॉट असून त्याला पुढे तेवढ्याच क्षमतेच्या उदंचन संचाची जोड मिळाली; उदंचन संच म्हणजे मागणी कमी असताना खालचे पाणी पुन्हा वर चढवून ठेवणारी यंत्रणा. वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी खालच्या तलावात साठते, तेथे शासनाच्या ८० मेगावॉटच्या दुसऱ्या वीजगृहात पुन्हा एकदा राबते, आणि मगच कुंडलिकेच्या पात्रात उतरते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर त्याला दोन्ही तीरांच्या कालव्यांत वळवून रोहा आणि माणगाव तालुक्यांतील उन्हाळी भातशेती भिजवली जाते, आणि उरलेल्या पाण्यावर गावांच्या नळयोजना आणि कारखाने चालतात. एकाच पाण्याने इतक्या जणांचे पोट भरावे, असे उदाहरण महाराष्ट्रात विरळाच आढळते.

मुळशी सत्याग्रहाचा इतिहास मराठी वाचकांना परिचित आहे. १९२१ मध्ये सुरू झालेल्या त्या लढ्यात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकरी आपल्या जमिनींसाठी उभे राहिले, तुरुंगात गेले, आणि अखेर त्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. आजच्या पर्यटकाला ते आठवण्याचे कारण पडत नाही. पण कोलाडच्या काठावर सकाळी रबरी नाव पाण्यात लोटली जाते तेव्हा ती ज्या लाटेवर स्वार होते, ती लाट मावळातल्या त्या बुडालेल्या शिवारांवरून आलेली असते, ही गोष्ट त्या काठावरच्या एखाद्या फलकावर तरी लिहिलेली असायला हवी होती.

खोऱ्यातील लोकांच्या बोलण्यात या व्यवस्थेसाठी एक साधा शब्दप्रयोग आहे, तो म्हणजे ‘पाणी सुटलं’. विजेची गरज असेल तेव्हा वर संच फिरतात, त्यानंतर काही वेळाने पात्रातील गोटे एकामागून एक बुडू लागतात, आणि मग पुढचे काही तास नदी खळाळून वाहते. याच तासांत, बहुधा सकाळी, रॅफ्टिंग चालते. पात्रात उतार अचानक वाढून किंवा खडकांमुळे पाणी फेसाळते अशा पट्ट्याला ‘रॅपिड’ म्हणतात; त्यांची अवघडपणानुसार एक ते सहा अशी प्रतवारी केली जाते आणि कुंडलिकेवरील रॅपिड दुसऱ्या व तिसऱ्या प्रतीत मोडतात, म्हणजे पोहता न येणारा नवखाही जीवरक्षक जाकीट घालून, वाटाड्याच्या आज्ञेप्रमाणे वल्हे मारत, सुमारे बारा किलोमीटरचा हा प्रवास पार करू शकतो. नावेच्या मागच्या टोकाला बसणारा हा वाटाड्या पूर्वी बहुधा नेपाळचा किंवा ऋषीकेशचा असे. आता खोऱ्यातील तरुणही त्यांच्याकडून ही विद्या शिकले असून, भातशेती, वीटभट्टी आणि मुंबईची नोकरी यांखेरीज उपजीविकेचा चौथा मार्ग या भागात प्रथमच निर्माण झाला आहे. त्यांची एक अडचण मात्र ऐकण्यासारखी आहे : सुट्टीच्या दिवशी शहराची विजेची मागणी उतरते आणि नेमके त्याच दिवशी पर्यटकांची गर्दी असते, त्यामुळे पाणी किती आणि केव्हा सुटेल याकडे त्यांचे डोळे लागलेले असतात.

नदीचे हे वेळापत्रक ज्याला सर्वांत जवळून ठाऊक आहे, असा या भेटीत भेटलेला माणूस मात्र रॅफ्टिंगशी संबंधित नव्हता. कोलाडच्या वरच्या अंगाला असलेल्या एका कातकरी वाडीतील ते वयोवृद्ध गृहस्थ पाग विणतात. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या जुन्या व्यवसायावरून ज्यांना नाव मिळाले, त्या कातकऱ्यांचा जंगलाइतकाच नदीशीही संबंध आहे, आणि पाग हे त्यांच्या मासेमारीतील सर्वांत देखणे साधन मानावे लागेल. पाग म्हणजे शंकूच्या आकाराचे, हाताने फेकावयाचे जाळे. त्याची विणाई शेंड्यापासून सुरू होते. प्रत्येक फेऱ्यात ठरावीक अंतरावर एकेक जादा आस धरला जातो (आस म्हणजे जाळ्याचे एक छिद्र), आणि अशा रीतीने घेर वाढत वाढत अखेर खालच्या कडेला शिशाच्या मण्यांची झालर लागते. आसाचे माप बांबूच्या पट्टीवर ठरते, आणि ती पट्टी कोणत्या माशासाठी किती रुंद घ्यायची, हे विणणाऱ्याला शिकवावे लागत नाही. पूर्वी सूत हाताने कातले जाई, आता नायलॉनचा दोरा बाजारातून येतो. पण गाठ तीच आहे, आणि बांबूची सुई या गृहस्थांच्या हातात इतक्या वेगाने फिरते की ती बोटांचाच एक भाग वाटावी.

पाग फेकणे ही विणण्याइतकीच कठीण विद्या आहे. जाळ्याचा काही भाग कोपरावर, काही खांद्यावर आणि एक कडा दातांत धरून कमरेपासून अंग वळवले जाते, आणि सुटलेले जाळे हवेत पूर्ण वर्तुळ होऊन पाण्यावर उतरते. ते वर्तुळ अर्धे राहिले तर मासा निसटलाच. सुटलेल्या पाण्यात पाग टाकता येत नाही, कारण प्रवाह त्याचा घेर मोडून टाकतो. म्हणून नावा निघून गेल्यावर, पाणी ओसरून गोटे पुन्हा दिसू लागले की दुपारच्या सुमारास हे गृहस्थ पात्रात उतरतात आणि ज्या डोहांना येथे कोंड म्हणतात त्यांच्या कडेने शिवडे, मळे आणि क्वचित एखादी वाम शोधतात. सकाळची नदी पाहुण्यांची आणि दुपारची आपली, अशी वाटणी त्यांनी मनाशी करून ठेवली आहे, आणि तिच्याविषयी त्यांची तक्रार नाही.

त्यांची तक्रार वलगणीविषयी आहे. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात नदीतील मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून वर चढून पाणी भरलेल्या भातखाचरांत शिरतात, त्या चढणीला रायगडात वलगण म्हणतात, आणि त्या दोन-तीन रात्री दिवट्या किंवा विजेऱ्या घेऊन सारा गाव बांधावर असतो. आता अनेक ओढ्यांच्या तोंडाशी रिसॉर्टच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, खाचरे भरून तेथे हिरवळ लावली गेली आहे, आणि चढून येणाऱ्या माशाला जागाच उरलेली नाही. अंड्यावरचा मासा मारण्याची ही रीतही निर्दोष नव्हती, हे खरे; परंतु जुन्या वाडीने मासे मारले तरी वाट अडवली नव्हती, हा त्या गृहस्थांचा मुद्दा खोडून काढणे कठीण आहे.

खोऱ्याच्या वरच्या टोकाकडे गेले की दृश्य पूर्णपणे पालटते. भिरा हे गाव तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेल्या खोलगट भांड्यासारख्या जागेत वसले असल्याने तेथे पावसाळ्यात ढग अडकून पडतात आणि उन्हाळ्यात ऊन कोंडते. मार्च २०१७ मध्ये येथे ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, तेव्हा या लहानशा गावाचे नाव काही दिवस देशभर झाले. येथून जंगलातून चालत देवकुंड धबधब्यापर्यंत जाता येते, जेथे उभ्या कातळावरून पडणारे पाणी एका निळसर कुंडात साठते. वरून उतरणारी अंधारबनाची वाट अधिक रमणीय आहे : मुळशी तालुक्यातील पिंपरीपासून निघून ती दाट सदाहरित झाडीतून, कुंडलिकेच्या दरीच्या अगदी काठाने हिरडीपर्यंत जाते आणि मग सरळ भिऱ्याला उतरते. झाडी इतकी घनदाट आहे की भर दुपारीही वाटेवर ऊन पोहोचत नाही, आणि अंधारबन हे नाव त्यावरूनच पडले. या परिसरातील बरेचसे जंगल २०१३ मध्ये घोषित झालेल्या ताम्हिणी अभयारण्यात मोडते. देवकुंडावर मात्र गर्दीने आणि निष्काळजीपणाने अनेक बळी घेतले आहेत, त्यामुळे पावसाळ्यात प्रशासनाला प्रवेशबंदीचे आदेश काढावे लागतात. पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो आणि लोंढा निरभ्र आकाशाखाली येतो, ही गोष्ट शहरातून आलेल्यांना समजावणारा स्थानिक माणूस सोबत असणे, हा कोणत्याही आदेशापेक्षा चांगला उपाय ठरेल.

खाली रोहा हे तालुक्याचे गाव नदीच्या काठावरच वाढले आहे. मध्य रेल्वे येथे संपते आणि कोकण रेल्वे येथून सुरू होते. त्या मार्गावरील पहिले स्थानक कोलाड असून, मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा १९९९ मध्ये तेथूनच सुरू झाली. स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये रोह्यात झाला. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस दल सशस्त्र सलामी देते, आणि त्या दिवशी मुंबईचे रोहेकर झाडून सारे गावी येतात. गावाच्या पलीकडे दाट झाडीत लपलेला अवचितगड आहे. त्याच्या माथ्यावरून नदीची वळणे, कालव्यांनी हिरवी राहिलेली शेते आणि दूरवरची खाडी एकाच नजरेत मावते.

त्याच नजरेत धाटावच्या औद्योगिक वसाहतीची धुराडीही येतात. रासायनिक कारखान्यांनी हजारो घरांना रोजगार दिला हे निर्विवाद आहे, परंतु रोह्याखालचा कुंडलिकेचा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत गेला आहे, आणि जी नदी कोलाडला ओंजळीने प्यावीशी वाटते तिच्यात अवघ्या काही किलोमीटरवर पाय बुडवण्यापूर्वी विचार करावा लागतो. रोह्यात नदीकाठ फरसबंद करून, दिवे आणि बाके बसवून संध्याकाळी फिरण्याची जी सोय केली गेली आहे ती चांगलीच आहे. तेवढीच आस्था काठाइतकी पाण्यालाही मिळाली असती, तर खाडीतील कोळ्यांना दूर समुद्रात जाण्याची पाळी आली नसती.

खाडीच्या मुखाशी एका बाजूला रेवदंडा आणि दुसऱ्या बाजूला कोर्लईचा डोंगरी किल्ला उभा आहे. रेवदंड्याला लागून असलेल्या चौल बंदराची कीर्ती, १४६९ मध्ये तेथे उतरलेला रशियन प्रवासी अफनासी निकितीन, पोर्तुगीजांची तटबंदी आणि मराठ्यांनी केलेला तिचा पाडाव हे सारे पुस्तकांतून वाचावयास मिळते. कोर्लई गावातील ख्रिस्ती वस्तीत आजही बोलली जाणारी, पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संकरातून घडलेली बोली मात्र तेथे जाऊनच ऐकावी लागते. ती बोलणारी माणसे आता थोडी आहेत, आणि त्यांची मुले मराठी शाळेत जातात.

या खोऱ्यावर एक मोठा प्रश्न गेली काही वर्षे घिरट्या घालतो आहे. भीमेच्या खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांची तहान पाहता, टाटांच्या धरणांतील पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे न वळवता पूर्वेकडे सोडावे, अशी मागणी वारंवार होते, आणि ती अन्यायाची म्हणता येत नाही. ते पाणी मुळात तिकडचेच आहे. पण गेल्या शंभर वर्षांत त्याच पाण्यावर खालच्या खोऱ्याने कालवे काढले, उन्हाळी भात लावले, नळ बसवले आणि नावा सोडल्या. पाग विणणाऱ्या त्या गृहस्थांना हे सांगितले असता त्यांनी हातातील सुई क्षणभर थांबवली, सकाळचे पाणी ओसरून मोकळ्या पडू लागलेल्या पात्राकडे पाहिले आणि विचारले, ‘मग तिकडं मासे कुठले?’ उत्तराची वाट न पाहता त्यांनी पुढचा आस धरला, कारण पाण्याची वेळ उलटून गेली होती आणि अपुरी राहिलेली कड त्यांना पात्रात उतरण्यापूर्वी पुरी करायची होती.