बल्ब साधा, वाट अवघड

पिकअपचा एक हेडलाइट गेला तर ड्रायव्हरला बल्बच्या किमतीची धास्ती वाटत नाही. कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात एच-४ बल्ब मिळतो, भाजीच्या एका भाड्यापुढे ती रक्कम काहीच नाही. धास्ती असते ती हात घालायचा कुठून, याची.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९४० च्या मॉडेलपासून अमेरिकेत सगळ्या गाड्यांना सात इंची गोल सीलबंद दिवा आला. काच, आरसा आणि तार अशा तिन्हींचं मिळून एकच भांडं. गाडीसमोर उभं राहायचं, रिंगचे स्क्रू काढायचे, भांडं बाहेर ओढायचं, मागचा कपलर उपटून नव्या भांड्याला लावायचा. बोनेट उघडायचीही गरज नसे. आपल्याकडच्या जुन्या जीपचा दिवाही असाच पुढून निघायचा. पुढे गाडीच्या नाकाला आकार हवा झाला. १९८३ मध्ये अमेरिकेच्या नियमांनी बदलता येणाऱ्या बल्बला परवानगी दिली आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनपासून हेडलाइट बॉडीच्या वळणाबरोबर वळू लागला. काच मोठी आणि देखणी झाली. बल्बचं दार मात्र मागे गेलं, इंजिनाच्या खोलीत. तिथे आधीच बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, रेडिएटर आणि त्याचे पाइप दाटीवाटीनं बसलेले. काही पिकअपमध्ये तर चाक पूर्ण वळवून मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर सोडवावं लागतं, काहींमध्ये समोरची जाळी उतरवावी लागते. ज्यांनी हे आखलं त्यांच्यावर पावसात, घाटाच्या तोंडाशी बल्ब बदलायची वेळ आली नसावी.

ती वेळ येते टोमॅटोवाल्यांवर. नारायणगावचा माल रात्री भरून वाशीला निघतो आणि आळेफाट्याला कुणाच्या तरी लक्षात येतं की एकच डोळा चालू आहे. तिथला ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम जवळजवळ न बघताच करतो. बघायला जागाच नसते.

"दादा, आधी लाइट बंद कर. पाच मिनिटं थंड होऊ दे."

"उशीर होतोय हो, मामा."

"हात भाजला तर आणखी उशीर होईल."

मग बॅटरी आणि दिव्याच्या मधल्या फटीतून मनगट आत जातं. पहिल्यांदा कपलर: तीन पात्यांवर घट्ट बसलेला, हलवत हलवत सरळ मागे ओढायचा. त्यानंतर रबरी टोपी. मग तारेची स्प्रिंग, जी दाबून बाजूला सारली की सुटते. बोटातून निसटली तर परत हुकात अडकवायला बल्बपेक्षा जास्त वेळ जातो. शेवटी बल्ब स्वतःच मागे सरकतो. नवा बसवताना बोटांना तीन कान लागतात, त्यातला एक बाकी दोघांपेक्षा रुंद. तो वरच्या खाचेत गेला की बल्ब उलटा बसूच शकत नाही. ज्यानं ही युक्ती काढली त्याला अंधारात काम करणाऱ्यांची कदर होती, असं मला वाटतं.

काचेला बोट लावायचं नाही, हे प्रत्येक मेकॅनिक सांगतो. त्यामागे कारण आहे. तापलेल्या तारेवरून टंगस्टनची वाफ उडते. आत भरलेला हॅलोजन वायू तिला गाठून परत तारेवर आणून सोडतो, म्हणून काच काळी पडत नाही. त्यासाठी काच अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेली राहावी लागते, आणि म्हणून ती साधी काच नसून बहुधा क्वार्ट्झची असते. बोटाचं तेल तिथे भाजून बसलं की तेवढाच ठिपका जास्त तापतो आणि काच तिथेच कमजोर होते. चुकून हात लागलाच तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसावं.

१९७१ साली आलेल्या या एच-४ बल्बमध्ये एकाच काचेत दोन तारा आहेत: अप्परची ६० वॅटची, डिपरची ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली धातूची चिमुकली वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते. नाहीतर तोच उजेड आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावरून उसळून समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. बल्ब जरा तिरका बसला की हा सगळा हिशेब बिघडतो. म्हणून मामा शटरसमोर गाडी उभी करून डिपर लावतात आणि दोन्ही बाजूंच्या उजेडाची वरची कड एका रेषेत येते का, ते बघतात. माळशेजच्या वळणावर समोरून येणाऱ्याला त्या कडेचं मोल चांगलं कळतं.

बरेचदा अडचण मात्र ड्रायव्हरनंच ओढवून घेतलेली असते. उजेड जास्त हवा म्हणून १००/९० वॅटचा बल्ब टाकतात. मूळ वायरिंग एवढ्या करंटसाठी नसतंच. रिले आणि जाड वायर न टाकता हा बल्ब चालवला की कपलरचं प्लास्टिक वितळून पात्यांना चिकटतं. मग बल्ब निघत नाही, कपलर कापावा लागतो, आणि पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. एच-४ च्या जागी बसवायच्या स्वस्त एलईडीचं दुखणं वेगळं. त्यात तार नसते, चिप असते. ती तारेच्या नेमक्या जागी नसली तर आरसा उजेड कुठेही फेकतो. शिवाय मागचा पंखा रबरी टोपीत मावत नाही, म्हणून टोपी काढून ठेवतात आणि पहिल्याच पावसात आरशावर पाणी चढतं.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत एक कलम आहे: बल्ब बदलता येण्याजोगा असेल, तर गाडीबरोबर दिलेल्या हत्यारांखेरीज दुसरं खास हत्यार त्यासाठी लागता कामा नये, आणि कृती कंपनीनं लिहून द्यावी. कलम चांगलं आहे. पण त्यात हत्यारांची गोष्ट आहे, मनगटाच्या जाडीची नाही.