परसातील भाजी आणि तिची ओळख

पूर्वीच्या घरात मुलींना वनस्पतींची ओळख पुस्तकावाचूनच होत असे. श्रावणात मंगळागौरीसाठी व भाद्रपदात गणेशपूजेसाठी पत्री खुडावी लागे. आघाडा कोणता, माका कोणता, डोरली कोणती, हे आजीच्या मागे कुंपणाकुंपणाने हिंडताना आपोआप कळे. ऋषिपंचमीस तर बैलाच्या श्रमाने पिकलेले काहीच खावयाचे नाही. म्हणजे त्या दिवशीचे पान बव्हंशी परसानेच भरावयाचे. व्रताचे पुण्य ज्याचे त्याने मानावे. परंतु त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी घरच्या मंडळींच्या नजरेची परीक्षा होत असे, यात संशय नाही.

मोरया गोसावींच्या समाधीमुळे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले, त्या पवनाकाठच्या चिंचवडात आज पत्री बाजारात जुडी बांधून मिळते. जुडी आणावी आणि देवाला वाहावी. तीत काय काय आहे हे पाहण्याचे कारणच उरत नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत जाऊन पोहोचली. वाडे गेले, परसे गेली. वनस्पती मात्र गेल्या नाहीत. पहिल्या पावसानंतर मोकळ्या भूखंडावर टाकळा उगवतोच, आणि फरसबंदीच्या भेगांतून घोळ व घेटुळी डोके वर काढतात. नाहीशी झाली आहे ती त्यांची ओळख.

ही ओळख करून घेणे अवघड नाही. टाकळ्याची पाने सायंकाळी जोडीजोडीने मिटतात. फुले येण्यापूर्वीची कोवळी पालवी निवडून, धुऊन, चिरावी. भिजविलेल्या मुगाच्या डाळीबरोबर फोडणीस टाकावी, आणि वाफ आल्यावर मीठ, गूळ व ओले खोबरे घालावे. संस्कृतात यास ‘दद्रुघ्न’, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे नाव आहे. घेटुळी म्हणजेच पुनर्नवा. उन्हाळ्यात ती वाळून जाते. परंतु मूळ जिवंत राहते व पावसाबरोबर पुन्हा फुटते, म्हणून तिचे ते नाव सार्थ होय.

घोळाचा देठ लालसर व रसाळ, पाने जाडसर. पाण्याची टंचाई असली की ही वनस्पती रात्री हवेतील कर्बवायु घेऊन आम्लाच्या रूपाने साठविते. म्हणून पहाटे खुडलेला घोळ दुपारच्या घोळाहून आंबट लागतो. जमिनीस चिकटून पसरणारी नायटी मात्र दुरून घोळासारखीच भासते. देठ मोडून पाहावा; पांढरा चीक आला, तर तो घोळ नव्हे. शिवाय घोळात ऑक्झॅलेट पुष्कळ असल्यामुळे मूतखड्याचा विकार असलेल्यांनी तो जपूनच खावा.

औषधाविषयी तर अधिकच सावधपणा हवा. रानातले म्हणून निरुपद्रवी, ही समजूत खरी नव्हे. करोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचे काढे झाले. २०२१ साली मुंबईच्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयास हे मान्य नव्हते. परंतु वैद्याच्या सल्ल्यावाचून महिनोन्महिने काढा घेऊ नये, एवढा बोध त्यातून घेण्यास कोणाची हरकत नसावी.

आता आजीला कधी सांगावी लागली नाही अशी एक गोष्ट. भाजी कोणती, याइतकाच ती कोठे उगवली, हा प्रश्न आज महत्त्वाचा झाला आहे. आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर पांढरा फेस तरंगताना अलीकडे अनेकांनी पाहिला आहे. पालेभाज्या जमिनीतील शिसे व कॅडमियम यांसारखे धातू शोषून घेतात. धुण्याने वरची धूळ जाते; पानाच्या आत गेलेले जात नाही. म्हणून नाल्याकाठचा, कारखान्याच्या भिंतीलगतचा, हमरस्त्याच्या कडेचा, किंवा तणनाशक फवारलेल्या जागेवरचा पाला, कितीही कोवळा व टवटवीत दिसला तरी, तेथेच राहू द्यावा.

यावर उपाय घरच्याघरी आहे. परसात एक वाफा न खुरपता ठेवावा. परस नसेल तर गच्चीत चांगल्या मातीच्या दोन कुंड्या पुरेत. घोळाची एक काडी मातीत खोचली तरी ती रुजते. शासनाचा कृषि विभागही अलीकडे पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवितो. तेथे भाज्या आणणाऱ्या ग्रामीण भगिनींकडून ओळखीच्या खुणा विचारून घ्याव्यात. आणि येत्या भाद्रपदात पत्रीची जुडी बाजारातून आणलीच, तर देवापुढे नेण्यापूर्वी ती सोडून मुलांपुढे पसरावी व एकेका पानाचे नाव त्यांना विचारावे. न आले तर घरातील वडील मंडळींनी सांगावे. कारण हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत.