आजोबांची जीप, ऐंशीचा स्पीड!

नगर म्हणजे फौजी गाड्यांचं गाव. इथे १९९४ पासून रणगाड्यांचं म्युझियम आहे, गाड्यांच्या चाचण्या घेणारी व्हीआरडीई आहे. त्यामुळे घरामागे ताडपत्रीखाली आजोबांची जुनी महिंद्रा जीप सापडली, तर नवल नाही. ती रंगवून झाली, की वीकएंडला नगर-पुणे हायवेवर काढायची हे ओघानं आलंच. पण सुप्यापर्यंत पोचेतो कान किटतात! इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडतंय आणि शेजारून एखादी अल्टो निवांत पुढे निघून जातेय.

दोष जीपचा नाही. सीजे-थ्रीबीला पुढे जायचे गिअर तीनच आणि ॲक्सलचा रेशो ५.३८. म्हणजे टॉप गिअरमध्येही चाक एकदा फिरायला इंजिनाला सव्वापाचपेक्षा जास्त फेरे मारावे लागतात. शेतात, चिखलात ओढायला हे झकास. मूळ १६ इंची टायरवर ताशी ८० गाठायचे, तर इंजिन मिनिटाला साधारण ३,१५० फेरे मारतं. मग करायचं काय?

ऑप्शन एक : ओव्हरड्राइव्ह

जीपवाल्यांची जुनी आवड म्हणजे वॉर्नचा ओव्हरड्राइव्ह. ट्रान्सफर केसच्या मागचं झाकण काढून तिथेच तो बसतो. कापाकापी नाही, प्रोपेलर शाफ्टला हात नाही. फेरे २५ टक्क्यांनी कमी, म्हणजे ८० च्या स्पीडला इंजिन ६० चंच काम करतं. मात्र वॉर्ननं हे युनिट बनवणं केव्हाच थांबवलंय, सेकंडहँड शोधावं लागतं. पैसे मोजण्याआधी गिअरचे दात मोजा! २६ दातांचं युनिट २९ च्या गिअरवर चालत नाही.

ऑप्शन दोन : फाइव्ह स्पीड

नव्या जीपचा पाच गिअरचा बॉक्स मिळायला सोपा. पण तो लांब असला, तर माउंटिंग बदला, शाफ्ट छोटे-मोठे करा, प्रसंगी चॅसीवर वेल्डिंग करा. इथेच खरी गोम आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपुढच्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. पण चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. शिवाय अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. तेव्हा पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

ऑप्शन तीन : ॲक्सलचा रेशो

४.८८ चे गिअर टाकले, की फेरे नऊ-दहा टक्क्यांनी उतरतात. पण फोर-व्हील ड्राइव्ह असल्यानं पुढचा-मागचा दोन्ही ॲक्सल बदलावे लागतात. आणि चढावरची ओढ कायमचीच थोडी कमी होते. ओव्हरड्राइव्ह मात्र इमामपूर घाट आला, की लिव्हर ओढून बंद!

आमचं मत? जो बदल उद्या काढून गाडी पुन्हा होती तशी करता येईल, तोच करा. त्या हिशेबानं ओव्हरड्राइव्हला तोड नाही.

फक्त एक लक्षात ठेवा. ६० ऐवजी ८० नं धावणारी जीप थांबवायला ब्रेकना पावणेदोन पट काम पडतं, आणि ब्रेक आहेत चारही चाकांना जुने ड्रम. त्यामुळे बजेटमधले पहिले पैसे ब्रेकसाठी. आजोबांची जीप पळायला हवीच, पण थांबायलाही हवी ना!