मेगावॉट नेमके कोणते?

रायपूर–बिलासपूर मार्गावरील सिलतरा या औद्योगिक क्षेत्रात स्पाँज आयर्न आणि पोलादाचे कारखाने दाटीने उभे असून त्यांच्या भट्ट्यांना दिवसरात्र वीज लागते. त्यामुळे सौर प्रकल्प ‘इतक्या मेगावॉटचा’ आहे एवढ्याने येथे भागत नाही, तो आकडा कोठे मोजला हेही पाहावे लागते. छत्तीसगडमधीलच राजनांदगाव जिल्ह्यात ‘सेकी’ या केंद्रीय सार्वजनिक कंपनीने उभारलेल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकार्पण झालेल्या प्रकल्पाची क्षमता १०० मेगावॉट सांगितली जाते आणि १५५.०२ मेगावॉट-पीकही सांगितली जाते, आणि हे दोन्ही आकडे खरे आहेत.

मोठा आकडा पॅनेलांचा आहे. दर चौरस मीटरवर १,००० वॉट प्रकाश पडत असताना आणि सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना पॅनेल जी शक्ती देते, तिला ‘वॉट-पीक’ म्हणतात. ही प्रयोगशाळेतील स्थिती आहे. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात सौरघट साठ अंशांपलीकडे तापतो आणि सिलिकॉनचे पॅनेल २५ अंशांवरील प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के शक्ती गमावते, म्हणजे ६५ अंशांवर बारा ते सोळा टक्के घट होते. धूळ आणि तारांतील ऱ्हास निराळाच. लहान आकडा इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनेलांचा एकदिश (डीसी) प्रवाह ग्रिडला चालणाऱ्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहात बदलणाऱ्या यंत्रणेचा असतो. सकाळ-संध्याकाळी आणि ढगाळ हवेतही इन्व्हर्टर पुरेसा भरलेला राहावा म्हणून पॅनेल मुद्दाम अधिक बसवतात. प्रखर उन्हात मात्र थोडी वीज वाया जाते, आणि हा व्यवहार शहाणपणाचाच आहे.

खरा घोटाळा तुलनेत होतो. समजा, अशा प्रकल्पाने वर्षाला २१.९ कोटी युनिट दिले, तर वर्षभर पूर्ण क्षमतेने मिळू शकणाऱ्या विजेशी त्याचे प्रमाण, म्हणजेच क्षमता वापर घटक, १०० मेगावॉटच्या हिशेबाने २५ टक्के आणि पीक क्षमतेच्या हिशेबाने सुमारे १६ टक्के येतो. वीज तीच, पण एक प्रकल्प उत्तम आणि दुसरा सुमार वाटावा इतके अंतर पडते. म्हणून आधार न सांगता दिलेली टक्केवारी ग्राह्य धरू नये.

राजनांदगावच्या प्रकल्पाला जोडलेल्या साठवण बॅटरीलाही दोन मापे आहेत: ४० मेगावॉट हा वीज देण्याचा वेग आणि १२० मेगावॉट-तास हा साठा, म्हणजे पूर्ण वेगाने तीन तास, एकूण १,२०,००० युनिट. रात्रपाळी चालवणाऱ्या सिलतरा येथील कारखानदाराने अशा प्रकल्पाची वीज घेण्याचा विचार करताना पॅनेलांच्या आकड्याआधी हा साठा विचारावा.