‘भारी’ औषध आणि पाठीतले पाणी

औषध ‘भारी’ असले, ते शिरेतून दिले आणि त्यासाठी घसघशीत पैसा मोजला, की ते शरीराच्या कानाकोपऱ्यांत आपोआप जाऊन पोहोचते, हा समज आमच्या वेळापुरात आणि एकंदर माळशिरस तालुक्यात इतका बद्धमूल झालेला आहे, की त्याविरुद्ध बोलणाऱ्यालाच लोक अडाणी ठरवतात. साध्या पडशात तो समज फारसे नुकसान करीत नाही. परंतु मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या मुलाला सोलापुरात, पुण्यात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात आठवड्याभराने ताप भरतो, डॉक्टर ‘पाठीतल्या पाण्यात जंतू झाले’ असे सांगतात आणि शिरेतून औषध चालू असताना डोक्याला लावलेल्या नळीतूनही औषध देऊ लागतात, तेव्हा हाच समज संशयाचे रूप घेतो. “सलाईनमधनं एवढं भारी औषध चाललंय, मग नळीतनं परत कशाला? पहिलं नकली हुतं का?” असा प्रश्न येतो, आणि त्यामागोमाग “पैशाकडं बघू नगा, ह्याच्यापेक्षा भारीतलं द्या” अशी गळ घातली जाते. प्रश्न विचारणाऱ्याच्या मायेबद्दल शंका नाही, पण त्याच्या तर्काचा पाया चुकलेला आहे, आणि तो चुकलेला आहे हे गेली शंभराहून अधिक वर्षे ज्ञात आहे.

ज्याला आपण पाठीतले पाणी म्हणतो ते मस्तिष्कमेरुद्रव पाठीत उत्पन्न होत नाही. मेंदूच्या आतील पोकळ्यांत केशवाहिन्यांचे जे नाजूक झुपके असतात, त्यांतून ते स्रवते, पोकळीतून पोकळीत उतरते, मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती फिरते आणि शेवटी रक्तात परत शोषले जाते. प्रौढ माणसात ते एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असते आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार होते, म्हणजे सबंध साठा दिवसातून तीनेक वेळा बदलतो. लहान मुलांत साठा अर्थातच कमी. मुलांच्या मेंदूतील गाठी पुष्कळदा मागच्या बाजूस, लहान मेंदूच्या आसपास, या द्रवाच्या वाटेवरच वाढतात. वाट अडली की पाणी तुंबते, सकाळी उठताच डोके दुखते, ओकारी होते, चाल डळमळते, आणि घरचे लोक महिना महिना पित्ताचे औषध देत बसतात.

आता मुख्य मुद्दा. १८८५ साली पॉल एर्लिख या जर्मन संशोधकाने प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले, तेव्हा इतर इंद्रिये रंगली, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूला त्या रंगाची ओढच नसावी, असा अर्थ त्याने लावला. त्याचाच शिष्य एडविन गोल्डमान याने १९१३ साली तशाच प्रकारचे रंगद्रव्य थेट मस्तिष्कमेरुद्रवात सोडून पाहिले, तर मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. तात्पर्य, रंगाची ओढ असण्या-नसण्याचा हा प्रश्न नव्हता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर उभा होता. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या भिंतींत बारीक फटी असतात, मेंदूत त्या भिंतींच्या पेशी एकमेकींना घट्ट जुळलेल्या असतात, आणि ज्या झुपक्यांतून द्रव स्रवतो त्यांच्यावरही तसेच घट्ट अस्तर असते. जुन्या अंमलात चौकीवर मालाची किंमत नव्हे तर दस्तक पाहिले जाई, तसाच इथला कारभार आहे: ज्या औषधाचा रेणू लहान, जे स्निग्ध पदार्थांत विरघळणारे आणि जे रक्तातील प्रथिनांना फारसे चिकटून न राहणारे, ते पार होते. बाकीची बहुतांशी अडतात, मग ती कितीही जबर असोत.

पिंपरीच्या ज्या सरकारी कारखान्याची स्थापना १९५४ साली झाली आणि ज्याच्या पेनिसिलीनचा महाराष्ट्राने योग्य अभिमान बाळगला, त्या पेनिसिलीनचेच उदाहरण घ्या. निरोगी अवस्थेत रक्तातल्या पेनिसिलीनचा अगदी अल्प अंश या द्रवात उतरतो, आणि जो उतरतो त्यालाही ते झुपके उचलून पुन्हा रक्तात ढकलतात. म्हणजे येण्याची वाट अरुंद आणि जाण्याची वाट सोपी. औषध अस्सल, जंतू त्याला मरणारा, आणि तरीही दोघांची गाठ पडेलच अशी शाश्वती नाही.

एवढ्याने ज्याचे समाधान होत नाही त्याने क्षयरोगाच्या मेंदूज्वराचा इतिहास पाहावा. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले गुणकारी प्रतिजैविक, परंतु ते या द्रवात नीट उतरत नसल्यामुळे १९४०च्या दशकाच्या अखेरीस आजारी मुलांच्या पाठीत वारंवार सुई घालून ते तिथे पोहोचवावे लागे. १९५२ साली आयसोनायझिड उपचारांत आले. ती साधी, स्वस्त गोळी. पण पोटात गेल्यावर तिचे द्रवातले प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या जवळपास जाते. जिथे मौल्यवान इंजेक्शन अडले तिथे स्वस्त गोळी पार झाली. किंमत आणि ‘पॉवर’ यांचा पोहोचण्याशी संबंध जोडणाऱ्यांनी या एका गोष्टीचे उत्तर द्यावे. आजही मेट्रोनिडॅझोल, लिनेझोलिड ही औषधे बऱ्यापैकी उतरतात, तर जेंटामायसिन, कोलिस्टिन, व्हॅन्कोमायसिन अडखळतात, आणि अडखळणाऱ्यांतच ‘भारी’ म्हणून प्रसिद्ध असलेली नावे आहेत.

मग साध्या मेंदूज्वरात शिरेतले सेफ्ट्रिॲक्झोन गुण कसे देते, ही शंका रास्त आहे. जंतूंमुळे मेंदूच्या आवरणांना सूज येते, त्या सुजेने अडसर सैल होतो आणि एरवी बाहेर राहणारे औषध आत शिरते. शिवाय मात्राही नेहमीपेक्षा मोठी दिलेली असते. याचीच दुसरी बाजू अशी, की गुण येऊ लागला म्हणजे सूज ओसरते, अडसर पुन्हा घट्ट होतो आणि औषधाचा शिरकाव घटतो. म्हणून ताप उतरला तरी डॉक्टर मात्रा उतरवीत नाहीत, आणि नातेवाईक मात्र ‘आता बास’ म्हणून मागे लागतात.

गाठीच्या मुलांत हा गुंता अधिक वाढतो. गाठीभोवतीची सूज कमी करण्यासाठी त्यांना डेक्सामेथासोन दिलेले असते. ते आवश्यकच असते, पण सुजेबरोबर औषधाला मिळणारी ती सैल वाटही ते आवळते. तुंबलेले पाणी वाहून नेण्यासाठी शरीरात बसवलेल्या नळीवर, म्हणजे शंटवर, वाढणारे जंतू पुष्कळदा त्वचेवरचेच, सौम्य स्वभावाचे स्टॅफिलोकॉकस असतात. ते नळीला चिकट थर धरून बसतात, आणि आवरणाचा दाह इतका थोडा होतो की अडसर फारसा उघडतच नाही. ‘गाठीपाशी तर रक्तवाहिन्या गळतात ना?’ असे काही सुशिक्षित विचारतात. गळतात, परंतु गाठीत झिरपलेले औषध म्हणजे सगळ्या पोकळ्यांतून वाहणाऱ्या द्रवात पुरेशा प्रमाणात मिसळलेले औषध नव्हे.

अशा वेळी नळीतून औषध द्यावे लागते, आणि तो प्रकार पाहण्यासारखा शांत असतो. पोकळीतून आलेली बारीक नळी खाटेशेजारच्या मापाच्या कुपीत थेंब थेंब पाणी सोडीत असते. त्या कुपीची उंची मुलाच्या कानाच्या पातळीशी जुळवलेली असते, म्हणून कोणी उशी हलवली तरी परिचारिका रागावते. औषध देताना नळीतून थोडे पाणी काढून घेतात, अत्यल्प औषध सावकाश सोडतात आणि ते लगेच बाहेर वाहून जाऊ नये म्हणून तोटी काही काळ, फार तर तासभर, बंद ठेवतात. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात नुसत्या शिरेतल्या औषधाने गुण येत नसेल तर हा मार्ग विचारात घ्यावा असे म्हटले आहे, व्हॅन्कोमायसिनची मात्रा पोकळीच्या आकारानुसार ५ ते २० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवली आहे, आणि दूषित शंट काढून टाकण्याची शिफारसही केली आहे. शिरेतून दिवसाला शेकडो मिलिग्रॅम जाणाऱ्या औषधाला इथे काही मिलिग्रॅम पुरतात, यावरून आधीचे औषध ‘नकली’ होते की वाट बंद होती याचा निर्णय वाचकांनीच करावा. आणि ‘मग सगळीच औषधे थेट आत का सोडत नाहीत?’ याचे उत्तर असे, की मेंदूला भिडलेले औषध मेंदूला इजाही करते. पेनिसिलीन तसे सोडल्याने झटके येतात हे १९४०च्या दशकातच दिसून आले होते.

इतर समजांची बोळवण थोडक्यात करतो. ‘पाठीतले पाणी काढले की पोर लंगडे होते’: मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो आणि सुई त्याखाली घालतात. मात्र डोक्यात दाब वाढवणारी गाठ असल्यास पाठीतून पाणी काढणे खरोखर धोक्याचे, म्हणून आधी स्कॅन करतात. ‘काढलेले पाणी कायमचे कमी होते’: ते काही तासांत भरून निघते. ‘डोक्यात पाणी झाले ते जास्त पाणी पाजल्यामुळे’: प्यायलेल्या पाण्याचा यात काडीचा संबंध नाही. ‘प्रतिजैविकाने गाठही विरते’: ते जंतूंना मारते, गाठीला नव्हे. ‘हे रोग शहरातले’: देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली आपल्याच जिल्ह्यात बार्शीला सुरू झाली, ती काही करमणुकीसाठी नव्हे.

राहिली एक गोष्ट, जी माझ्या मते सर्वांत घातक आहे. शंट बसवलेले मूल गावी परतते, महिन्या-दोन महिन्यांनी त्याला ताप येतो, आणि मोठ्या दवाखान्याची खेप टाळण्यासाठी मेडिकलमधून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणून दिल्या जातात. ताप थोडा दबतो, घर निर्धास्त होते. पुढे आजार बळावून मूल रुग्णालयात पोहोचते आणि द्रवाचा नमुना तपासायला जातो, तेव्हा त्यात जंतू उगवत नाही, कोणता जंतू आणि कोणते औषध हे ठरवता येत नाही, आणि डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागते. त्या चार गोळ्यांतले औषध जंतू मारण्याइतके द्रवात पोहोचलेले नसते. पुरावा पुसून टाकण्याइतके मात्र पोहोचलेले असते.