सुट्टीत मुलांना मराठी पुस्तकं मोबाईलवर वाचायला द्यायची, तर पीडीएफ द्यायची की ईपब?

शाळेच्या वाचनालयाची एक गंमत आहे. मुलांना वेळ नसतो तेव्हा ते वर्षभर उघडं, आणि मे महिन्यात मुलं दिवसभर मोकळी असतात तेव्हा त्याला कुलूप. आमच्याकडे रामवाडीला हे दर उन्हाळ्यात दिसतं. पेणला वाचनालय आहे, पण सहावी-सातवीच्या पोराला भर दुपारी हायवेच्या कडेने एकटं कोण पाठवणार? मोठी माणसं कामात. पेणमध्ये उन्हाळा म्हणजे गणपतीच्या कारखान्यांची आणि पापडांची धामधूम. मग पोरांच्या हातात उरतो तो घरातला मोबाईल.

त्याच मोबाईलवर पुस्तक वाचता येतं हे सगळ्यांना माहीत आहे, तरी मुलं वाचत नाहीत. का? माझी भाची यंदा सातवीत जाईल. ग्रुपवर आलेली एक पीडीएफ तिने उघडली, दोन पानं वाचली आणि फोन परत दिला. "मामा, अक्षरं मुंगीएवढी आहेत. सरकवून सरकवून बोट दुखलं." अशा वेळी 'हल्लीच्या मुलांना वाचायला नकोच असतं' असं म्हणून आपण मोकळे होतो. इथे दोष फाइलचा होता.

पीडीएफ म्हणजे छापील पानाचा साचा. कुठली ओळ कुठे संपणार हे त्यात पक्कं ठरलेलं असतं. साधं मराठी पुस्तक साडेपाच इंच रुंद असतं आणि आपल्या फोनची स्क्रीन पावणेतीन इंचांच्या आसपास. म्हणजे पान निम्म्यावर येतं आणि अक्षरही. इंग्रजी अक्षर अर्ध्यावर आलं तरी एकवेळ कळतं. देवनागरीत ओळीच्या वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार. सगळ्यात आधी तेच दिसेनासे होतात. झूम केलं की अर्धी ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते.

ईपब वेगळ्या पद्धतीने चालतं. ही खरं तर एक झिप फाइल असते, आणि तिच्या आत वेबपेजसारखी मजकुराची पानं असतात. ओळ कुठे तोडायची हे फाइल ठरवत नाही, तुमचा फोन ठरवतो. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने लागतात, आडवं काही सरकवावं लागत नाही. भाचीला तिसऱ्या दिवशी ईपब दिलं तेव्हा अक्षर किती मोठं ठेवायचं ते तिनेच ठरवलं.

साइजमधला फरकही बघा. दोनशे पानांच्या पुस्तकात साधारण तीन लाख अक्षरचिन्हं धरू. युनिकोडमध्ये देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, म्हणजे सगळं मिळून नऊ लाख बाइट, एक एमबीपेक्षाही कमी. झिप झाल्यावर ते आणखी बरंच आकसतं. तेच पुस्तक स्कॅन करून पीडीएफ केलं तर प्रत्येक पान म्हणजे एक फोटो. पानाला दीडशे केबी धरले तरी तीस एमबी. मामाच्या गावाला नेटवर्कची एकच दांडी येत असेल तर हा फरक नीटच कळतो.

फाइल कशी आहे ते ओळखायची युक्ती

फाइल उघडा आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडलाच गेला नाही, तर ते पान म्हणजे फोटो आहे. निवडला गेला, तर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. तिथे नीट मराठी उमटली तर उत्तम, मजकूर युनिकोडमध्ये आहे. पण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला उमटला, तर पुस्तक युनिकोडच्या आधीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बसवलेलं आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. डोळ्यांना मराठी दिसते, फोनला मात्र ती मराठी वाटत नाही. त्यामुळे शब्द शोधता येत नाही आणि फोनला वाचूनही दाखवता येत नाही.

वाचून दाखवण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. सातवीत पोचूनही अडखळत वाचणारी मुलं आपल्या आसपास असतात, आणि लाजेपोटी ती कुणासमोर मोठ्याने वाचत नाहीत. गुगलच्या टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी आवाज आहे, सेटिंग्जमध्ये जाऊन तो एकदा उतरवून घ्या. मग खऱ्या मजकुराचं ईपब अशा अ‍ॅपमध्ये उघडा ज्यात मोठ्याने वाचायची सोय आहे. आवाज जरा यंत्रासारखा येतो आणि जोडाक्षरांवर कधी कधी घसरतो, पण मुलाला डोळे ओळीवर ठेवून सोबत वाचता येतं. हसणारं कुणी नसतं.

पुस्तकं मिळणार कुठे?

पहिलं ठिकाण मराठी विकिस्रोत. पुस्तकाच्या पानावर डाउनलोडचा पर्याय असतो, तिथून ईपब घ्या. साने गुरुजींचं 'श्यामची आई' इथे मिळतं. हे कायदेशीर कसं? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या १ जानेवारीपासून मोजून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांसाठी मोकळं आहे. चि. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणून त्यांचा चिमणराव २०२४ पासून मोकळा झाला. याच हिशेबाने आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे १९८२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाला २०४२ संपेपर्यंत थांबावं लागेल. फास्टर फेणे लिहिणारे भा. रा. भागवत २००१ पर्यंत होते. तेव्हा टेलिग्रामवर फेणेची 'फ्री पीडीएफ' दिसली तर ती चोरीचीच समजा. ते पुस्तक विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा. मुलांना आवडतंच, पैसे वसूल होतात.

दुसरं ठिकाण बालभारतीचं 'किशोर' मासिक. ते १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवलेत. सहावी ते आठवीच्या वयाला याच्याइतकं नेमकं दुसरं काही मला तरी माहीत नाही. अंक पीडीएफमध्ये आहेत, म्हणजे वरचा त्रास इथेही आहे. पण गोष्टी आटोपशीर असतात, फोन आडवा धरला की जमून जातं. तुमच्या आईबाबांच्या शाळेच्या दिवसांतला एखादा अंक काढून द्या, घरात अर्धा तास गप्पा रंगतील.

प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर २०१५ मध्ये सुरू झालं. तिथे मराठी गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत आणि डाउनलोडही होतात. फक्त बऱ्याचशा गोष्टी लहान वयाच्या आहेत. सातवीतल्या मुलाला दिल्या तर तो नाक मुरडेल. धाकट्या भावंडासाठी मात्र झकास. ई साहित्य प्रतिष्ठानकडेही मोफत मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण ती सगळ्या वयांची असल्यामुळे आधी तुम्ही चाळा, मग मुलांना द्या.

आणि एक लक्षात ठेवा, पुस्तक कधीच एपीके फाइल म्हणून येत नाही. ग्रुपवर 'बालकथा डॉट एपीके' असं काही आलं तर इन्स्टॉल न करता सरळ डिलीट करा. घरच्या फोनमध्ये आईबाबांचं यूपीआय असतं.

आता शेवटची अडचण: पुस्तक उघडून दिलं आणि दहा मिनिटांनी बघावं तर रील्स चालू. यासाठी अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप पिन करायची सोय आहे. सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'पिन' टाका, अ‍ॅप पिनिंग चालू करा आणि 'अनपिन करताना लॉक विचारा' हेही चालू ठेवा. मग पुस्तकाचं अ‍ॅप उघडा, रिसेंट्समध्ये जाऊन त्याच्या आयकॉनवर दाबा आणि 'पिन' निवडा. पुस्तक आधीच उतरवलेलं असल्यामुळे फ्लाइट मोडही लावता येतो, पण घरात एकच फोन असेल तर लावू नका. कारखान्यातून कुणाचा फोन आला तर लागायला हवा.